डोळेवालीची मुलगी

माझ्या आईला कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. तिथं एक ओठवाली होती, एक केसवाली होती, हातपाय बसवणाऱ्या बाईला सगळ्या जणी हाडवैद्य म्हणायच्या, आणि माझी आई डोळेवाली. कारखाना प्लास्टिकच्या बाहुल्यांचा. लांबलचक टेबल, डोक्यावर ट्यूबलाइट, समोरच्या फळीवर ओळीनं लाकडी खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एक मुंडकं. मुंडकं यायचं तेव्हा डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे खोलगट डाग असायचे. आईच्या हाताखालून गेलं की ते तुमच्याकडे बघायला लागायचं. एकतीस वर्षं तिनं हेच काम केलं.

कामाची रीत ठरलेली. आधी रंगाचं गोल, मग मधलं काळं, मग वर पापण्यांच्या पाच रेघा, आणि सगळ्यात शेवटी कडेला एक पांढरा ठिपका. हा ठिपका पडेपर्यंत बाहुली आंधळीच, असं आई म्हणायची. ब्रश तीन-चार केसांचा. तो रंगात बुडवला की आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचा, रंग पातळ झालाय की घट्ट, आणि मगच डोळ्यावर न्यायचा. त्यामुळं आईच्या त्या नखावर कायम एक पांढरा ठिपका असे. सुट्टीच्या दिवशी असे, तापात असे, माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे. फोटो काढणाऱ्यानं तो खोडून देऊ का म्हणून विचारलं होतं, तेव्हा मी हो म्हणाले होते. आई म्हणाली राहू दे, म्हणून राहिला.

प्रत्येक डोळेवालीचा ठिपका वेगळ्या जागी पडतो. माझ्या आईचा जरा वर, नाकाच्या बाजूला. लहानपणी मी दुकानांच्या काचेला नाक लावून सांगायची, ही आईची, ही आईची नाही, ही आईची. पाच-सहा वर्षांची होते, अभिमानानं नुसती फुगायची. मग अकरा वर्षांची झाले.

त्याचं असं झालं की ज्या मुंडक्यावर आईचा हात हलायचा, ते बाद व्हायचं. बाद माल कारखाना कामगारांना देऊन टाकायचा. आई ती मुंडकी घरी आणायची, धडं जोडायची आणि फळीवर बसवायची. एक वरती बघतेय, एक स्वतःच्या नाकाकडे, एकीचे दोन डोळे दोन वेगळ्या गावांना निघालेले. वर्गातली एक मुलगी अभ्यासाला घरी आली, थिनरच्या वासानं तिनं नाक दाबलं आणि फळीकडे बघून म्हणाली, तुमच्याकडे सगळ्या चकण्याच आहेत की. दुसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग मला चकणी म्हणू लागला. माझे डोळे सरळ आहेत हो, कुणीही बघावं! पण कोण ऐकतंय. मी घरी येऊन थयथयाट केला, फेकून दे सगळ्या म्हटलं. आई म्हणाली, “त्यांचं काय चुकलं? हात माझा हलला.” फळी तशीच राहिली. त्यानंतर मी एकाही मैत्रिणीला घरी आणलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढं मी जे केलं ते आभाळातून पडलं नव्हतं.

आता माझी मुलगी. तिला आम्ही बिटकी म्हणतो. तिचा बाप लिफ्टचा मेकॅनिक आहे आणि मी त्याच कंपनीत फोनवर बसते. शहरात कुठंही लिफ्ट अडकली की आत अडकलेल्या माणसाचा फोन मला येतो. मी शांत आवाजात सांगते, घाबरू नका, माणूस निघालाय. दिवसाला वीस-पंचवीस वेळा सांगते. लग्नाआधी आमचा मेकॅनिक म्हणायचा, तुझा आवाज ऐकायला मी स्वतःच एखाद्या लिफ्टमध्ये अडकून बसेन. आता म्हणतो, फोनवर एवढी गोड असतेस, मग घरी कुठं जातो तो आवाज? बाबा गेले, कारखान्यात डोळे छापायचं यंत्र आलं, आणि आई आमच्याकडे राहायला आली. येताना दोन पिशव्या कपडे, रंग भरलेला एक बिस्किटांचा डबा आणि एक्केचाळीस चकण्या बाहुल्या घेऊन आली. इमारतीतल्या पोरी डोळे पुसट झालेल्या बाहुल्या घेऊन तिच्याकडे यायच्या. ती खिडकीशी बसून त्यांचे डोळे करून द्यायची आणि बिटकी शेजारी बसून बघायची.

बिटकीची पहिली शाळा काचेच्या इमारतीत होती. चार वर्षांच्या मुलांना तिथं रोज तीन पानं लिहायला. बिटकीला जमेना. आधी तिचं सकाळी पोट दुखायला लागलं, मग ती शाळेत बोलेनाशी झाली, मग घराबाहेर कुठंच. वर्षाच्या शेवटी बाईंनी वहीत लाल अक्षरात “मंद” असं लिहून पाठवलं. त्या एका शब्दापायी मी आठवडाभर जेवले नाही. ही पोर आजीशी बाहुल्यांच्या भाषेत तासतासभर बोलायची, आणि शाळेच्या फाटकाशी पोचली की तोंड शिवल्यासारखं.

मग सुरू झाली नव्या शाळेची शोधाशोध. सात शाळा पाहिल्या. एकीत पोरीची लेखी परीक्षा घेतली, दुसरीत आमची. एका ठिकाणी तर ही पुढं काय होणार म्हणून विचारलं. पाच वर्षांची आहे हो, सहा वर्षांची होणार, दुसरं काय होणार? आठवी शाळा वॉल्डॉर्फ पद्धतीची. कुठल्या मोठ्या संस्थेची नाही, पालक आणि शिक्षकांनी मिळून चालवलेली, शहराच्या पार टोकाला एका जुन्या घरात. लाकडाची खेळणी, मेणाचे खडू, लोकर, सकाळी पीठ मळायचं, दुपारी गोष्ट ऐकायची, आणि सातवं लागेपर्यंत अक्षराचं नाव नाही. आम्ही नुसतं बघायला गेलो होतो. तिथल्या ताईंनी बिटकीसमोर पिठाचा गोळा ठेवला. पोरगी मळता मळता गुणगुणायला लागली. दीड वर्षात घराबाहेर तिच्या गळ्यातून आवाज फुटला नव्हता. मी आणि मेकॅनिक एकमेकांकडे बघायचं टाळत उभे राहिलो, बघितलं असतं तर दोघंही रडलो असतो. हीच शाळा. दुसरी कुठलीही नाही. जागा पंधरा आणि अर्ज शंभरावर.

नंतर ताईंनी सगळ्या पालकांना गोल करून बसवलं आणि एक कापडी बाहुली दाखवली. तिला चेहराच नव्हता. ताई म्हणाल्या, मूल हसतं तेव्हा ही हसते, मूल रडतं तेव्हा रडते, म्हणून आम्ही चेहरा कोरा ठेवतो. ऐकायला छानच वाटलं. मग त्या म्हणाल्या, “जिचे डोळे आधीच कुणीतरी ठरवून टाकलेत, तिच्याशी मूल काय बोलणार? आणि त्यातून ते प्लास्टिक.” सगळे पालक हसले. मीही हसले. हसताना अकरा वर्षांची झाले.

फॉर्म घरी आणला. चार पानी. घरात टीव्ही किती वेळ, मूल झोपतं कधी, आणि शेवटच्या पानावर एक प्रश्न: घरातली मोठी माणसं हातांनी काय काम करतात? मेकॅनिकचं मी लिहिलं, लिफ्ट दुरुस्त करतात. माझं लिहिलं, फोन उचलते. आजीच्या रकान्याशी पेन थांबलं. प्लास्टिकच्या बाहुल्यांना डोळे काढायच्या, असं लिहायचं? त्या शाळेत? पोरीची जागा माझ्या डोळ्यांसमोर जायला लागली. मी लिहिलं, “आजी कापडी बाहुल्या शिवतात.” खाली सही ठोकली. अक्षर सुंदर आलं होतं, अजून आठवतं.

मेकॅनिकनं वाचलं आणि म्हणाला, हे काय, आईंनी कधी कापडी बाहुली शिवलीय? मी म्हटलं, आता शिवेल. तो म्हणाला, खरं लिहिलं तर काय होईल? मी त्याच्या अंगावरच गेले. तुला काय, तुझी आई शिक्षिका होती, तुला कधी कुणी चकणी म्हटलंय? आमच्या घरात मी आवाज चढवला की सगळे गप्प बसतात. त्या दिवशी कुणीतरी बोलायला हवं होतं.

आठवड्यानं पत्र आलं. शनिवारी अकरा वाजता ताई घर बघायला येणार. मी आईला खिडकीशी बसवून सगळं समजावलं. खोटं बोल असं म्हटलं नाही. तेवढी मी हुशार आहे. म्हटलं, आई, कारखान्याचा विषय काढायचा नाही, एवढंच. आणि एक कापडी बाहुली शिवून दे, बिटकीसाठी.

आईनं एवढंच विचारलं, “माझ्या कामामुळं पोरीला घेणार नाहीत?”

मी म्हटलं, “घेणार नाहीत.” मला काही माहीत नव्हतं. कुणी तसं म्हटलं नव्हतं. पण मी अगदी फोनवरच्या आवाजात सांगितलं.

तिनं चार दिवस लावून बाहुली शिवली. जुनी चादर, आत लोकर, डोकं इतकं गोल की सुरकुती शोधून सापडू नये. तिच्या हाताचं काम ते, वाईट कसं होईल? झाल्यावर बराच वेळ मांडीवर घेऊन बसली होती. मग मला विचारलं, “नुसते दोन ठिपकेसुद्धा नकोत?” मी म्हटलं, नकोत. ती बरं म्हणाली आणि बाहुलीचं तोंड भिंतीकडे करून ठेवून दिली.

शुक्रवारी आम्ही एक्केचाळीस बाहुल्या तीन पोत्यांत भरल्या. मेकॅनिकनं त्या कंपनीच्या गोदामात नेऊन ठेवल्या. परत आला तो हसत. गोदामाच्या रखवालदारानं आत काय आहे म्हणून एक पोतं उघडलं, तर एकदम बारा-चौदा जणी त्याच्याकडे बघायला लागल्या, त्यातल्या निम्म्या भलतीकडे. रखवालदार दोन पावलं मागं सरला. आम्ही पोट धरून हसलो. आईसुद्धा हसली, पण उशिरा. बिटकीनं विचारलं, बाहुल्या कुठं गेल्या? मी म्हटलं गावाला. ती म्हणाली, सगळ्या? तिकीट काढून? मी हो म्हटलं. रंगांचा डबा माळ्यावर टाकला, खिडक्या सताड उघडल्या, आणि शेवटी माझं लक्ष आईच्या नखाकडे गेलं.

“आई, तेवढं काढून टाक ना.”

नखावर वर्षानुवर्षांचे थर होते, थिनरनं निघेनात. ती मोरीत जाऊन ब्लेडनं खरवडत बसली. अर्ध्या तासानं बाहेर आली तेव्हा अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. मी बघितलं. बघून दुसरीकडे बघितलं.

ताई बरोबर अकराला आल्या. माझ्याहून लहान, नखांत बागेतली माती, आल्या आल्या जमिनीवरच बसल्या. पाणी प्यायल्या, बाहुली हातात घेतली, उलटीपालटी केली, शिवण बघितली आणि म्हणाल्या, आजी, असं काम आमच्या शाळेतही कुणाला येत नाही. आई नुसती मान हलवत होती. ताईंनी विचारलं, अंगठ्याला काय झालं? आई म्हणाली, भाजी चिरताना.

एवढ्यात बिटकी म्हणाली, “आमच्या बाहुल्या गावाला गेल्यात.”

ताई म्हणाल्या, “हो? किती जणी?”

“एक्केचाळीस. तिकीट काढून.”

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी हसून म्हटलं, काहीतरी कल्पना करत असते दिवसभर. ताईंचा चेहरा खुलला. म्हणाल्या, फार छान, अशीच मुलं आम्हाला हवी असतात. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. ती खरं बोलली होती, आणि तिच्या आईनं ते तिच्यादेखत खोटं ठरवलं होतं. पाच वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंडावरचं हसू मी काही पुसलं नाही.

बिटकीला जागा मिळाली. महिन्याभरात ती शाळेत बोलायला लागली, दोन महिन्यांत तिची बडबड थांबवा म्हणून मुलं तक्रार करायला लागली. मी मनाला सांगत राहिले, झालं ना काम, मग? बाहुल्या आज आणू उद्या आणू करत गोदामातच राहिल्या. इमारतीतल्या पोरी आल्या तर आई त्यांना सांगायची, डबा सापडत नाहीये गं. डबा माळ्यावर कुठं आहे ते तिला नीट माहीत होतं.

तिसऱ्या महिन्यात शाळेची चिठ्ठी आली. दरवर्षी तिथं एक “हातांची सकाळ” असते. घरातली मोठी माणसं वर्गात येऊन आपल्या हातांचं काम मुलांना दाखवतात. आजींनी बाहुली घेऊन यावं. मी कळवलं, आजींचे गुडघे दुखतात. पण बिटकीनं वर्गात आधीच जाहीर केलं होतं की माझी आजी येणार, आणि आई म्हणाली, पोरीनं सांगितलंय ना, मग जायला हवं. तिनं ठेवणीतले कपडे काढले. खरवडताना गेलेलं अंगठ्याचं नख निम्मं परत आलं होतं, गुलाबी आणि कोरं.

वर्गात मुलं जमिनीवर गोल बसली होती आणि आम्ही मागं बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून. आधी एक आजोबा उठले, टपाल कचेरीतले. पत्रं लावतात तशी त्यांनी पत्त्यांच्या कॅटमधली पानं भराभर खोक्यांत फेकून दाखवली, एकही चुकलं नाही. मुलं टाळ्या पिटत होती. मग एक आजी उठली. रुंद हातांची, मोठ्या आवाजाची. म्हणाली, मी बादल्यांच्या कारखान्यात होते. प्लास्टिकच्या बादल्या. साचा उघडायचा, गरम बादली ओढून काढायची, कडा कापायच्या. कोपरावरचा भाजल्याचा जुना डाग तिनं दाखवला. एका मुलानं विचारलं, हात लावू का? ती म्हणाली, लाव की. मग सगळ्यांनी एकेक करून त्या डागाला बोट लावलं. ताई मुलांमध्ये बसून ऐकत होत्या, डोळे लकलक करत. पुढं झुकून त्यांनी विचारलं, पहिली बादली काढली तेव्हा कसं वाटलं होतं, आजी?

माझ्या कानांतून वाफ निघायला लागली. प्लास्टिक! त्याच वर्गात, त्याच ताईंसमोर. कुणी भुवई उडवली नाही. बादल्यावाल्या आजीची नात मुलांच्या गोलात राणीसारखी बसली होती.

मग आईची पाळी आली. ती उभी राहिली आणि कोरी बाहुली पुढं धरली. शिवण कशी घालायची, लोकर कशी भरायची, हळू आवाजात सांगितलं. पाठ केलेलं होतं, ते कळत होतं. बिटकी पुढं सरकून बसली होती. एका लहान मुलीनं विचारलं, हिला डोळे का नाहीत? ताई हसल्या आणि म्हणाल्या, आजी, पूर्वी बाहुल्यांना डोळे काढत असतील ना हो? तुम्ही कधी काढलेत?

आईनं माझ्याकडे बघितलं. अडुसष्ट वर्षांची बाई, आयुष्यभर कुणाची एका पैशाची मिंधी न राहिलेली, आणि बोलू का म्हणून मुलीकडे बघते. मी मान हलवली. जोरात हलवली. सांग, आई. तिला दिसलं, ते मी शपथेवर सांगते.

ती मुलांकडे वळली आणि म्हणाली, “नाही रे बाळांनो. डोळे मला कधी जमलेच नाहीत.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. बिटकीनं वाजवल्या नाहीत.

परत येताना बसमध्ये बिटकी खिडकीशी बसली होती. मी हळूच विचारलं, आई, मी मान हलवली होती, सांग म्हणून. ती म्हणाली, बघितलं. मग का नाही सांगितलंस? तिनं आधी बिटकी ऐकत नाही ना ते बघितलं.

“त्या कागदावर तुझी सही आहे,” ती म्हणाली. “पोरीच्या वर्गात, पोरीदेखत, तिच्या आईला खोटं पाडू मी?”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून शाळेत गेले. ताई बागेत वाफे खणत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पोत्यांपासून नखापर्यंत. त्यांनी खुरपं खाली ठेवलं. म्हणाल्या, तो प्रश्न आम्ही हातांच्या सकाळसाठी विचारतो, प्रवेशाशी त्याचा काही संबंध नाही. मग म्हणाल्या, ते प्लास्टिकचं मी बोलले ते मात्र चुकलंच, समोर कोण बसलंय ते मला कुठं माहीत होतं. आजींना परत घेऊन या, खऱ्या कामासाठी, मुलं वेडी होतील. मला रागवायला हवं होतं त्यांनी. रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत. वर माफीही त्यांनीच मागितली.

मी धावत घरी आले. मेकॅनिकला फोन करून तिन्ही पोती मागवली, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बाहुल्या पुसून फळीवर बसवल्या, माळ्यावरून डबा काढला. रंग निम्मे सुकले होते. नवे आणते म्हटलं. आईनं सगळं बघितलं, छान झालं म्हणाली, एका बाहुलीचा फ्रॉक सरळ केला. मी शाळेचं आमंत्रण सांगितलं. ती म्हणाली, आता नको.

मला वाटलं, रुसलीय. आठ-पंधरा दिवसांत राग जाईल.

मग एका रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरची पोर आली, हातात बाहुली, एक डोळा पार पुसलेला. आईनं दार उघडलं. मी आत भांडी घासत होते. आई तिला म्हणाली, “मला डोळे जमत नाहीत गं. दुसऱ्या कुणाला तरी दाखव.”

पोर म्हणाली, “मागच्या वेळी तूच तर काढले होतेस.”

“मी नव्हते ती,” आई म्हणाली आणि तिच्या हातावर एक बिस्किट ठेवलं.

पोर गेल्यावर मी ओल्या हातानंच बाहेर आले. म्हटलं, आई, हे काय चाललंय? पुरे कर ना आता, चुकलं माझं, किती वेळा सांगू? ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं बिटकीकडे मानेनं खूण केली. बिटकी फळीखाली बसून कोऱ्या बाहुलीला काहीतरी सांगत होती.

“हिच्या सगळ्या वर्गासमोर मी म्हटलंय, डोळे जमत नाहीत,” आई म्हणाली. “आता काढत बसले, तर हिची आजी खोटारडी ठरते. हिची आई तर आहेच. एका घरात किती ठेवायच्या?”

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजीला काय आणू विचारावं तसं. मग उठून चहा ठेवायला गेली.

त्या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. बिटकी या वर्षी अक्षरं शिकतेय. नवे आणलेले रंग डब्यात तसेच आहेत, झाकणसुद्धा कुणी उघडलेलं नाही. आईचं नख पूर्ण वाढलंय. एवढं स्वच्छ नख मी तिचं जन्मात बघितलं नव्हतं, आणि जेवताना ती मला वाढायला वाकते तेव्हा मी ताटाकडे बघते.